कॉर्टिसॉलची रंगीत तालीम

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केली नाही. लग्न म्हणू नका, घर म्हणू नका, साधं बाजारातून गॅसचा पाइप आणणं म्हणू नका, जे प्रत्यक्षात केलं ते दुसऱ्यांदा. पहिली वेळ तालमीत गेलेली असायची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. तिला बघायला यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चाळीत एक काटकुळा माणूस दाराशी आला आणि पाणी मागू लागला. ताईनं तांब्या-भांडं दिलं. त्यानं पाणी पिऊन मनगटावरच्या घड्याळात बघितलं, ओसरीवर ऊन किती वाजेपर्यंत असतं असं आमच्या वडिलांना विचारलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस भांग पाडून, आईला आणि मामाला सोबत घेऊन हजर. वडील म्हणाले, अहो, काल तुम्हीच आला होतात ना पाणी प्यायला? दाजी शांतपणे म्हणाले, हो, काल स्टेशनपासून अकरा मिनिटं लागली, आज आई बरोबर म्हणून सतरा धरली होती, सोळा लागली. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, पोरगा येडा आहे, पण वेळेवर घरी येईल. ताईनं होकार दिला त्याचं कारण तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पाणी प्यायल्यावर त्या माणसानं भांडं विसळून उपडं ठेवलं होतं.

अंबरनाथच्या एका कारखान्यात दाजी तपासणी खात्यात होते. इतरांनी बनवलेले लोखंडी भाग मोजायचे, आणि केसभर जरी फरक निघाला तरी परत पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. मोजायच्या आधी भागावरचं तेल-ग्रीस मलमलच्या फडक्यानं लख्ख पुसून घ्यायचं, नाहीतर मोजमाप तेलाचं होतं, लोखंडाचं होत नाही, हा त्यांचा तिथला पहिला धडा. तो त्यांनी घरीही आणला. तांदूळ मोजायच्या आधी मापटं पुसायचं, उल्हासनगरच्या कापडवाल्याकडे गेलं की त्याचा मीटरचा गज पुसायचा, कलिंगड तागडीत टाकायच्या आधी कलिंगड पुसायचं. कलिंगडवाला एकदा म्हणाला, साहब, आता पावडर पण लावा. दाजींनी ते मनावर घेतलं नाही. आधी पुसा, मग मोजा, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या शाळेतली पोरं फळ्यावर पट्टी ठेवायची तेव्हा मी नकळत तेच बोलून जायचे.

दुसरं वेड याद्यांचं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून त्याच्या कोऱ्या बाजूवर, टोक काढलेल्या पेन्सिलीनं, आकडे घालून याद्या. किराणा, पाहुणे, पावसाआधीची कामं, विहारातल्या कार्यक्रमाला लागणाऱ्या सतरंज्या. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी एक जादा आकडा, त्यापुढे "राहिलेलं" असा शब्द, आणि पुढे रिकामी रेघ. मी मेहुणी, मला चिडवायचा हक्कच होता. मी म्हणायचे, दाजी, राहिलेलं आहे हे ठाऊक आहे तर लिहून का नाही टाकत? त्यावर ते म्हणायचे, "मेहुणीबाई, माणूस काही ना काही विसरतोच. त्या विसरलेल्याला बसायला जागा ठेवावी."

माझं लग्न बदलापूरला झालं. आदल्या रविवारी दाजींनी चाळीतली पंधरा माणसं मैदानात ओळीनं बसवली, पुढे रिकाम्या पत्रावळी ठेवल्या आणि रिकाम्या बादलीतून रिकामा पळा घालत पंगत वाढली. शेजारचे एक तिरसट काका दोनदा भात नको म्हणाले. त्यांचं म्हणणं, तालीम आहे तर तालीम नीट होऊ द्या, मी खरा दोनदाच नको म्हणतो. सेवानिवृत्तीची तालीम तर पाच वर्षं आधी झाली. आठ दिवस रजा काढून दाजी नुसते घरात बसले, रिकामं बसणं जमतं का बघायला. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, चौथ्या दिवशी ताईनं हातात डबा देऊन त्यांना कारखान्यात परत पाठवलं. रजा रद्द करून घेणारे अख्ख्या खात्यात ते एकटेच.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण मला सांगायचंय ते एकोणनव्वद सालचं, आणि त्यातलं हसू मला अजून नीट येत नाही.

ताईचे गुडघे गेले होते. तरुणपणी शिवणयंत्र पायानं चालवून चालवून असेल, किंवा अंगातच असेल, पण चाळीशी उलटली आणि बाई जमिनीवर बसली की उठायला दोन माणसं लागायची. दाजी तिला किती ठिकाणी घेऊन गेले त्याची यादी वेगळी होती. शेवटी कुणीतरी विठ्ठलवाडी डेपोच्या मागे बसणाऱ्या एका वैद्यबुवांचं नाव सांगितलं. दर गुरुवारी रांग. बुवा कागदाच्या चौकोनी पुड्या द्यायचे, तांबूस रंगाची पूड, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. ताईनं सोमवारी गुडघ्याला फडकं बांधून रडत भाकऱ्या केल्या होत्या, गुरुवारी पुडी आणली आणि शनिवारी ती भाजीची पिशवी घेऊन माझ्या बदलापूरच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढून आली. मी दार उघडलं आणि मला खरंच वाटलं की मागून दाजी उचलून आणतायत. दाजी खालीच होते, पायऱ्या मोजत.

पण बुवांची एक अट होती. ह्या औषधाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, आणि कागदावर तर मुळीच लिहायचं नाही. लिहिलं की गुण जातो. आता आमचे दाजी म्हणजे विहारात उभं राहून गंडेदोरे, भगत, अंगारा यांच्यावर तासभर बोलणारे. कुणाच्या पोराच्या दंडाला काळा दोरा दिसला तर बापाला रस्त्यात थांबवून झापायचे. मी त्यांना अगदी कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, दाजी, तुम्ही हे मानता? ते खाली बघत म्हणाले, "माझा काडीचा विश्वास नाही. पण गुडघे तिचे आहेत, मेहुणीबाई. परीक्षा मी कशाला बघू?" त्या दिवसापासून घरात पुडीला पुडी म्हणायचं बंद झालं. "ते घेतलंस का?" एवढंच. आणि जिथं मिठाच्या पिशवीचीसुद्धा नोंद व्हायची त्या घरात तीन वर्षं एक गोष्ट कुठल्याच यादीत आली नाही.

त्या तीन वर्षांत ताई बदलली. तोंड वाटोळं झालं, गाल लाल, मानेमागे गोळा आला, पोट सुटलं आणि हातपाय मात्र काड्या. वीस किलो वजन वाढलं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सुख मानवलं हो तुम्हाला. ताई हसायची. मग तिला दम लागायला लागला, ब्लडप्रेशर निघालं, आणि भांडं जरी दंडाला लागलं तरी जांभळा डाग पडायचा. एकदा मी तिचे डाग बघितले. मी दाजींना म्हटलं, तालीम पुरे, हिला मोठ्या डॉक्टरकडे न्या. ते आधीच नाव काढून बसले होते. उल्हासनगरला चार नंबरात, म्हणजे चार नंबरच्या कॅम्पात, एक डॉक्टरीणबाई होत्या, एमडी झालेल्या, कमी बोलणाऱ्या. आम्ही तिघं गेलो.

बाईंनी ताईचं तोंड दिव्याकडे वळवून बघितलं, मानेमागचा गोळा चाचपला, डाग बघितले. मग विचारलं, औषधं कोणकोणती चालू आहेत? दाजींनी खिशातून यादी काढून टेबलावर ठेवली. ब्लडप्रेशरची गोळी, सकाळी एक. कॅल्शियमची गोळी, रात्री एक. हळद घातलेलं दूध, अर्धा पेला. डोक्याला खोबरेल, आठवड्यातून तीनदा. असे अकरा आकडे. बाराव्या आकड्यापुढे "राहिलेलं", आणि रिकामी रेघ. बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, माझ्या एकाही पेशंटनं आजवर इतकी पूर्ण यादी आणलेली नाही. दाजींची मान ताठ झाली. मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी भिंतीवरच्या चार्टकडे बघायला लागलो. माझ्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मला तिसऱ्या मजल्यावरची ती भाजीची पिशवी आठवली. म्हटलं, एवढ्याशा पुडीनं काय होतंय, आणि गेले परत गुडघे तर?

बाईंनी समजावून सांगितलं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम मंद झालं असेल, किंवा मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त करत असतील. दुसरं असेल तर कदाचित गाठ असेल, ऑपरेशनपर्यंत जाईल. गाठ म्हटल्यावर दाजींच्या हातातली पेन्सिल थांबली. बाई म्हणाल्या, आधीच घाबरू नका, रक्त तपासू. सकाळी आठला एकदा, दुपारी चारला एकदा. सकाळी उपाशीपोटी या, आधीच्या दिवसांत जागरण नको, धावपळ नको, आठच्या आधी अर्धा तास शांत बसवा, कारण ताणानं हे कॉर्टिसॉल वाढतं आणि आकडा खोटा येतो. आणि यादीतलं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय बंद करू नका. दाजींनी अक्षर न अक्षर लिहून घेतलं. रक्त मुंबईला जाणार होतं, रिपोर्ट चार दिवसांनी.

झालं, दाजींना दहा दिवस मिळाले. ताईला ताण येऊ द्यायचा नाही हा एकच ध्यास, आणि त्या ध्यासानं अख्खी चाळ ताणाखाली आली. दारावर "शांतता राखा" असा कागद लागला. कुकरला शिट्टी होते म्हणून डाळ पातेल्यात शिजू लागली. सार्वजनिक नळावर ज्या दोन बाया रोज नेमानं भांडायच्या त्यांना दाजी हात जोडून म्हणाले, दहा दिवस कल्याणला जाऊन भांडा. रेडिओवरच्या बातम्या ते आधी एकटे ऐकायचे आणि गाळून ताईला सांगायचे, त्यामुळे त्या दहा दिवसांत ताईच्या हिशेबी जगात कुठेही काही वाईट घडलं नाही. मला तर दारातच ताकीद मिळाली, की माझ्या सासूबद्दल एक शब्द काढायचा नाही. ताई एकदा वैतागून म्हणाली, अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा, तुमच्यानंच वाढायचं माझं ते काय आहे ते. दाजी लगेच बाहेर जाऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी खिडकीतून विचारू लागले, आता बरं वाटतं का.

मग रिक्षाची तालीम. घरापासून चार नंबरातल्या लॅबपर्यंत रिक्षा किती वेळात जाते, हे ताईला बसवून बघायचं तर तिला दगदग. म्हणून ताईच्या जागी मला बसवलं. पण माझं वजन कमी पडत होतं. दाजींनी माझ्या मांडीवर दहा किलो तांदळाची पिशवी आणि पायाशी गव्हाचा डबा ठेवला. रिक्षावाला सिंधी होता, त्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, सांई, दाणाबाजार जाना है क्या? लॅबपाशी पोचल्यावर दाजींनी मला त्या बाकड्यावर अर्धा तास शांत बसवलं, तांदळासकट. लॅबवाला सिंधीच, पन्नाशीचा, फार सज्जन माणूस. त्यानं मला पाणी आणून दिलं आणि दाजींना हळूच विचारलं, पेशंट कोण आहे, बाई की तुम्ही?

इथवर मी हसत होते. पण घरात दुसरीही तालीम चालू होती, ती मला कुणी सांगितली नव्हती. रोज पहाटे ताईला उपाशी ठेवून आठपर्यंत बसवायचं, नुसतं अंगवळणी पडावं म्हणून. आणि ताई दिवसेंदिवस उतरत चालली. जेवण जाईना, उठली की डोळ्यांपुढे अंधारी, सगळे सांधे ठणकायला लागले, दोनदा उलटी झाली. मी म्हटलं भीती असेल. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मी मुक्कामालाच गेले. दाजी सामान काढत होते तेव्हा ताईनं मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, ह्यांनी ते आठ दिवसांपासून बंद केलंय. का, तर आधी पुसा, मग मोजा. रक्तात पुडी मिसळली तर मोजमाप पुडीचं होईल, ताईचं होणार नाही. बाईंनी यादीतलं बंद करू नका म्हटलं होतं, आणि हे यादीत कुठे होतं?

आता मला कुणी विचारलं, की तू शिकलेली, शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी, तू काय केलंस, तर मी सांगते काय केलं. मी ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, उद्या चारला दुसरं रक्त दिलं की लगेच घे. एवढंच केलं.

सकाळी सात पंचवीसला आम्ही लॅबच्या बाकड्यावर होतो, ठरल्याप्रमाणे. दाजींनी ताईच्या पाठीला उशी लावली, पायाखाली पाट दिला. घरून पाट आणला होता. अर्धा तास कुणी बोललं नाही. ताईचं तोंड वाटोळंच होतं, पण मातीच्या रंगाचं झालं होतं, आणि ओठांवर घाम. मी दाजींना खुणावलं. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं, अजून सहा मिनिटं. बरोबर आठला लॅबवाल्यानं सुई घातली. नस सापडायला वेळ लागला. बाटली भरली, कापूस दाबला, आणि ताई म्हणाली, मला कसंतरी होतंय गं. असं म्हणून ती माझ्या खांद्यावरून सरकत खाली गेली.

दाजींकडे यादी होती. "चक्कर आल्यास" अशी वेगळी यादी केलेली होती. त्यांनी ती काढली आणि एकेक करू लागले. आडवं करणे. केलं. पायाखाली उशी. दिली. तोंडावर पाणी. मारलं. कांदा हुंगवणे. कांदा खिशात होता, फोडून नाकाशी धरला. साखरेचं पाणी. लॅबवाल्यानं पेल्यात करून आणलं, दोन घोट गेले आणि उलटून पडले. ताईचा हात माझ्या हातात गार लागत होता. मी दाजींकडे बघितलं. यादी संपली होती. खाली फक्त तो जादा आकडा होता आणि रिकामी रेघ, आणि दाजी त्या रेघेकडे बघत नुसते उभे होते. मी त्या माणसाला बावीस वर्षं ओळखत होते, पण पुढे काय करायचं हे ठाऊक नसलेले दाजी मी त्याआधी बघितले नव्हते. मी ओरडले, दाजी, उचला तिला. लॅबवाल्यानं खुर्ची पुढे ढकलली आणि आम्ही तिघांनी ताईला खुर्चीसकट उचलून चार दुकानं पलीकडच्या दवाखान्यात नेलं. दाजींच्या पायातल्या चपला लॅबमध्येच राहिल्या.

डॉक्टरीणबाई नुकत्याच आल्या होत्या. प्रेशर घेतलं, परत घेतलं. काटा कुठे थांबेचना. सलाइन लावता लावता त्यांनी कालपरवापासूनचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी वळून सरळ दाजींकडे बघितलं.

"यादीत नाही असं काय घेत होत्या? आणि कधी बंद केलंत?"

मी तोंड उघडलं, पण दाजींनी हात वर करून मला थांबवलं. मग त्यांनी खिशातून औषधांची ती पहिली यादी काढली, बाईंच्या टेबलावर पसरली, आणि बारा नंबरच्या रिकाम्या रेघेवर लिहायला लागले. कारखान्यातले साहेब ज्याचं कौतुक करायचे ते त्यांचं छापील अक्षर वेडंवाकडं होत होतं. लिहून त्यांनी कागद बाईंकडे सरकवला. मी खांद्यावरून वाचलं. "गुडघ्याची पुडी. रोज दोन. तीन वर्षं. आठ दिवसांपूर्वी बंद केली. मी."

बाईंनी कागद वाचला. कपाटातून एक छोटी बाटली काढली, इंजेक्शन भरलं आणि सलाइनच्या नळीतून दिलं. मग आम्ही वाट बघितली. दाजी अनवाणी, भिंतीला पाठ लावून. सवयीनं त्यांचं मनगट वर यायचं, पण ते घड्याळात बघत नव्हते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, आणि त्यांनाही कधी सांगता आलं नाही. ताईनं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, चार वाजले का? दाजी खाली बसले आणि ढसाढसा रडले. आमच्या वडिलांच्या वेळी, स्वतःच्या आईच्या वेळी हा माणूस रडला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तरी मीच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, कारण त्या आठ दिवसांतली एक रात्र माझीही होती.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक. कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य. बाईंनी उलगडून सांगितलं, की त्या पुडीत कुणीतरी स्टिरॉइड मिसळलेलं असणार. गुडघे त्यानंच पळत होते आणि तोंडही त्यानंच सुजलं होतं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर तिच्या स्वतःच्या ग्रंथी तीन वर्षं झोपून गेल्या. पुडी एकदम तोडली आणि अंगात काहीच उरलं नाही. त्या पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत, बाई म्हणाल्या, तर मी ती तोडू दिली नसती, आणि ह्या टेस्टचीसुद्धा गरज नव्हती. दाजी म्हणाले, लिहिलं की गुण जातो म्हणाले होते. बाई म्हणाल्या, लिहिलंत म्हणून वाचल्या.

पुढच्या गुरुवारी दाजी विठ्ठलवाडीला गेले आणि बुवांच्या रांगेतल्या माणसामाणसाला सांगू लागले. तालीम न करता गेले होते, त्यामुळे बोलणं काही नीट झालं नाही. एक म्हातारी म्हणाली, बाबा, मला गुण येतोय ना, तू कशाला मध्ये? दाजी तरी संध्याकाळपर्यंत उभे होते. दोघंजण रांगेतून निघून गेले, एवढं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

मग आलं वर्षभराचं काम. आता तेच औषध गोळीच्या रूपात, तीळ तीळ कमी करत न्यायचं होतं, म्हणजे झोपलेल्या ग्रंथी हळूहळू जाग्या होतील. दाजी ब्लेडनं गोळीचे चार भाग करायचे, आणि ब्लेड आधी पुसायचे. एकही दिवस चुकला नाही. ताईचं तोंड ओसरलं, मानेचा गोळा गेला, आणि आमची जुनी ताई परत दिसायला लागली, लहान चेहऱ्याची. तिच्याबरोबर तिचे जुने गुडघेही परत आले. दाजी रोज संध्याकाळी सात वाजता वाटीत तेल कोमट करून तिचे गुडघे चोळायला बसायचे. ताईच्या जिभेला हाड नाही. दुखणं वाढलं की बोलून जायची, पुडी होती तेव्हा मी धावायचे हो. दाजी चोळता चोळता थांबायचे, मग पुन्हा चोळायला लागायचे. याद्या मात्र चालू राहिल्या, फक्त शेवटची रेघ भरल्याशिवाय ते यादी खिशात ठेवेनासे झाले. काही आठवलं नाही तर तिथे ताईला विचारून एक फुली मारायचे.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात दाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे गोंधळलो, तेव्हा ताईनं ट्रंकेकडे बोट दाखवलं. वरच यादी होती. कुणाकुणाला कळवायचं, भन्तेजींसाठीचा निरोप कुणाकडे द्यायचा, पांढरे कपडे कुठल्या खणात, चटया कुणाच्या घरून आणायच्या. एकोणीस आकडे, आणि कुठे अडलं असं झालं नाही. मी ती यादी हातात घेऊन एकेकावर खूण करत होते, अगदी दाजींसारखी. विसाव्या आकड्यावर आले. "राहिलेलं", आणि त्यापुढे त्यांचं छापील अक्षर, जराही न हललेलं. "तिचे गुडघे. संध्याकाळी सात. तेल आधी माझ्या गुडघ्यावर लावून बघतो, मग तिच्या. नाहीतर भाजतं."

इतक्या वर्षांत हे ताईलाही ठाऊक नव्हतं. आता शाळा सुटली की मी बदलापूरहून अंबरनाथला जाते. सातला वाटी गरम करते. पहिलं बोट माझ्या गुडघ्यावर, मग ताईच्या.